सापडला तो चोर, सुटला तो साव

रायगड जिल्ह्यात चांगल्या नोकरीची वाट आता पोलीस ठाण्यावरून जाते. पेण तालुक्यातला डोलवीचा पोलाद कारखाना, रोहा तालुक्यातला नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प आणि धाटावची एमआयडीसी, थळचा खत कारखाना, उरणचे बंदर, आणि 25 डिसेंबर 2025 पासून विमाने उडू लागलेला उलव्याचा विमानतळ. यांतल्या बहुतेक ठिकाणी पाय ठेवायचा तर आज ना उद्या चारित्र्य पडताळणीचा कागद मागितला जातोच. विमानतळाच्या आत काम करायचे असेल, मग ते सामान चढवण्याचे का असेना, तर प्रवेशपत्राआधी पार्श्वभूमी तपासली जाते. पोलीस, रेल्वे, सीआयएसएफ, नौदल यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. ऑगस्ट 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे 15 हजार पोलीस पदांच्या भरतीला मंजुरी दिली. पहाटे मैदानावर घाम गाळणाऱ्या पोरांचे डोळे अशाच बातम्यांकडे लागलेले असतात. रोह्यात खाकीचा मान आणखीच वेगळा. ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सशस्त्र मानवंदना देतात आणि ती पाहायला गाव लोटते. त्या रांगेत आपणही कधी उभे राहावे, असे वाटणारी मुले या गावांत आहेत.

त्यांच्यातल्याच एखाद्याने कॉलेजात असताना दोनदा गांजा ओढला असेल, तर त्याने या नोकऱ्यांची आशा सोडावी का? प्रश्न साधा आहे. उत्तर अवघड होते, कारण आपली व्यवस्था हा प्रश्न कधी विचारतच नाही.

केंद्र सरकारच्या नोकरीसाठी जो साक्षांकन नमुना भरावा लागतो, त्यातली प्रश्नावली पाहावी. तुम्हाला कधी अटक झाली होती का? तुमच्यावर खटला झाला होता का? स्थानबद्ध केले होते का? बंधपत्र लिहून घेतले होते का? न्यायालयाने दंड केला होता का? शिक्षा झाली होती का? आज एखादा खटला प्रलंबित आहे का? गांजा ओढलात का, चरस घेतलात का, अजून घेता का, याची विचारणा नाही. ठाण्याकडे जो कागद जातो त्यावरही शोध असतो तो नोंदीचा. म्हणजे आपली चारित्र्य पडताळणी चारित्र्य पाहत नाही, दप्तर पाहते.

आता या दप्तरात किती जण असणार? दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. त्यानुसार देशात वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेल्यांची संख्या सुमारे 3 कोटी 10 लाख होती. त्यांतले नुसते गांजा-चरसवालेच सुमारे 1 कोटी 30 लाख. एवढे गुन्हे देशातल्या सगळ्या ठाण्यांनी मिळूनही नोंदवलेले नाहीत, नोंदवणे शक्यही नाही. ओढणाऱ्यांतला फार थोडा भाग पोलिसांच्या हाती लागतो. बाकीचे सगळे कागदोपत्री निष्कलंक. आणि हाती कोण लागतो, हेही उघड आहे. बंद दाराआडच्या पार्टीत ओढणारा सहसा सापडत नाही. समजा, कुंडलिकेच्या काठी किंवा पेणच्या एसटी स्थानकामागे दोघे चिलीम ओढत बसले आहेत. गस्तीची गाडी आली की हेच दोघे आयते सापडतात. सापडला तो चोर, सुटला तो साव, ही म्हण आपण सरकारी धोरण म्हणून स्वीकारली आहे.

सापडल्यावर काय होते, हे पालकांनी नीट समजून घ्यायला हवे. अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, तो 14 नोव्हेंबर 1985 पासून लागू आहे. त्याच्या दृष्टीने गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. 1 किलोपर्यंतचा गांजा आणि 100 ग्रॅमपर्यंतचा चरस हे ‘अल्प प्रमाण’. गांजा 20 किलोच्या आणि चरस 1 किलोच्या वर गेला की ‘व्यापारी प्रमाण’. अल्प प्रमाण जवळ सापडले तर कलम 20 खाली वर्षभरापर्यंत सक्तमजुरी किंवा 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसते ओढल्याबद्दल कलम 27 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा तितकाच दंड किंवा दोन्ही. ठाण्याच्या भाषेत याला ‘सेवनाची केस’ म्हणतात.

खरी ठेच इथेच लागते. अशी केस झटपट निकाली काढता येते. मुलगा घाबरलेला, बाप कामाचा दिवस बुडवून कोर्टाच्या पायरीवर उभा. कुणी तरी जाणता सल्ला देतो, ‘कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो.’ मुलगा गुन्हा कबूल करतो, दंडाची पावती घेतो आणि घरी येतो. घरच्यांना वाटते, मिटले. मिटलेले काहीच नसते. कबुलीवर झालेला दंड ही दोषसिद्धी आहे. तीन-चार वर्षांनी साक्षांकन नमुना हाती आला की ‘अटक’, ‘खटला’, ‘दंड’, ‘शिक्षा’ या चारही रकान्यांत ‘होय’ लिहिण्याची पाळी येते. मुलगा भाबडेपणाने किंवा भीतीने ‘नाही’ लिहितो. पूर्वी अशी नोंद एखाद्या ठाण्याच्या नोंदवहीत धूळ खात पडली असती. आता ठाणी संगणकाने एकमेकांना जोडलेली आहेत. वडखळची नोंद कोलाडला दिसते आणि मुंबईलाही दिसते.

त्याच नमुन्याच्या माथ्यावर इशारा छापलेला असतो. खोटी माहिती देणे किंवा खरी दडवणे हीच अपात्रता. आणि सेवेत असताना केव्हाही उघड झाले तरी नोकरी जाऊ शकते. ओढलेल्या गांजापेक्षा लिहिलेले ‘नाही’ महाग पडते ते असे.

सर्वोच्च न्यायालयासमोर हा पेच अनेकदा आला. प्रकरणे बहुतेक मारामारीची होती, पण तत्त्व सगळ्यांना लागू पडते. 2011 मध्ये दिल्ली पोलिसांच्या भरतीतल्या एका तरुणाने जुना खटला अर्जात लिहिला नव्हता. न्या. मार्कंडेय काटजू यांच्या खंडपीठाने त्याच्या बाजूने कौल दिला. तरुण वयात पाय घसरतो, तेव्हा जन्मभराचा गुन्हेगार ठरवण्यापेक्षा सुधारण्याची संधी द्यावी, असा त्या निकालाचा सूर होता. दोनच वर्षांनी, 2013 मध्ये, दिल्ली पोलिसांच्याच दुसऱ्या प्रकरणात न्यायालयाने उलट बाजू उचलून धरली. पोलीस दलात येणारा माणूस निखळ चारित्र्याचा हवा, आणि तडजोडीतून सुटका झालेल्या उमेदवाराला नाकारण्याचा दलाला अधिकार आहे, असे ठरले. अखेर 21 जुलै 2016 रोजी अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सगळा गुंता एकत्र घेऊन नियम आखून दिले. माहिती खरी आणि पूर्ण हवी. किरकोळ गुन्ह्याची माहिती दडवली गेली असेल, तर ती चूक पोटात घालण्याचा विवेक अधिकाऱ्याला वापरता येतो. नमुन्यातले प्रश्न नेमके हवेत. जे नेमकेपणाने विचारले नाही, ते सांगितले नाही म्हणून उमेदवाराला दोषी धरता येत नाही. आणि सर्वांत बोचरे ते हे: सगळे खरे सांगितले, तरीही पूर्वेतिहास पाहून नाकारण्याचा अधिकार नोकरी देणाऱ्याकडे राहतोच.

निकाल समतोल आहे. पण त्याने सगळा भार अधिकाऱ्याच्या विवेकावर टाकला, आणि विवेक माणसागणिक बदलतो. तशाच केसचा एक उमेदवार एका जिल्ह्यात रुजू होतो, दुसरा शेजारच्या जिल्ह्यात बाद होतो. बाद झालेल्याला उच्च न्यायालयाचा जिना चढावा लागतो. धाटावला कंत्राटी काम करणाऱ्या बापाच्या मुलाला तो परवडत नाही.

अमेरिकेत हे काम वेगळ्या रीतीने होते. सरकारी गुपिते हाताळणाऱ्या नोकरीसाठी तिथे जी मंजुरी लागते, ती ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’. तिच्या एसएफ-86 या अर्जात थेट प्रश्न आहे: गेल्या सात वर्षांत बेकायदा अमली पदार्थ घेतलात का? कधी, कितीदा, पुढे घेणार का? अटक झाली की नाही, हा मुद्दा वेगळा. शिवाय त्या भागात एक हमी छापलेली आहे, की इथे दिलेले खरे उत्तर तुमच्याविरुद्ध फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरले जाणार नाही. खोटे लिहिले तर मात्र तो स्वतंत्र गुन्हा. 2017 पासूनच्या तिथल्या निकषांत सेवन किती जुने, किती क्वचित, त्यानंतर माणूस किती काळ दूर राहिला, ती संगत सोडली का, हे सगळे तोलायला सांगितले आहे. डिसेंबर 2021 मध्ये राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक अ‍ॅव्हरिल हेन्स यांनी स्पष्ट केले, की गांजाचे पूर्वीचे सेवन विचारात घ्या, पण तेवढ्यावरच निकाल लावू नका. त्याच वर्षी एफबीआयने भरतीची अट तीन वर्षांवरून एक वर्षावर आणली. अर्जाआधी वर्षभर गांजाला हात लावलेला नसावा, एवढेच.

हा काही ढिलेपणा समजू नये. आज ओढत असलेल्याला तिथला कायदा मंजुरी देतच नाही, मग त्याच्या राज्यात गांजा दुकानात मिळत असला तरी. आपल्या मराठी कुटुंबांनी तर तिथे दुप्पट सावध राहावे. कॅलिफोर्नियात 2018 पासून आणि न्यू जर्सीत 2022 पासून प्रौढांना गांजा उघड विकत मिळतो, पण केंद्रीय कायद्यात तो अजून निषिद्धच आहे. नागरिक नसलेल्याने नुसती ओढल्याची कबुली दिली, तरी ती व्हिसा, ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाच्या आड येऊ शकते. तिथल्या नागरिकत्व खात्याने एप्रिल 2019 मध्ये तसे लेखी बजावले आहे. अमेरिकेची प्रत काढावी, असे आम्ही म्हणत नाही. पण तिथल्या व्यवस्थेने एक गोष्ट ओळखली आहे. सुरक्षेला धोका असतो तो लपवलेल्या गोष्टीचा, कारण लपवलेल्या गोष्टीवरूनच माणसाला कोंडीत पकडता येते. ज्याने सांगून टाकले, त्याला कोण धमकावणार?

आपल्याकडे कडकपणा हवाच, आणि रायगडात तर अधिकच हवा. 2023 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात श्रीवर्धनच्या जीवना बंदरापासून पुढे किनाऱ्यावर ठिकठिकाणी चरसची पाकिटे वाहून आली. त्याच डिसेंबरात खोपोलीजवळ एमडी म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाचा कारखाना उघडकीस आला आणि जप्त मालाची किंमत शंभर कोटींच्या पुढे गेली. असा माल मोजणारा, सील करणारा, कोठडीत सांभाळणारा शिपाई स्वतः नशेच्या आहारी गेलेला असून चालणार नाही. विमान उडवणारा आणि विमानांना दिशा देणारा यांचीही नशेसाठी अचानक तपासणी करण्याचा नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 31 जानेवारी 2022 पासून लागू केला, तो योग्यच आहे. पण तोही नियम पहिल्यांदा दोषी आढळलेल्याला हाकलून देत नाही, आधी व्यसनमुक्तीकडे पाठवतो. वैमानिकाला परतीची वाट आणि शिपायाच्या भरतीला आलेल्या पोराला नाही, हा न्याय कुठला?

कायद्यात वाटा अगदी नाहीतच, असे नव्हे. एनडीपीएसच्या कलम 64अ प्रमाणे सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेईल आणि ते पूर्ण करील, तर त्याच्यावर खटला चालत नाही. गंमत अशी, की ही सवलत ‘व्यसनी’ माणसाला आहे. ज्याने संगतीने एकदाच कश मारला, तो व्यसनी नाही म्हणून त्याला ती लागू होत नाही! त्याच्यासाठी कलम 33 आहे. सेवनाच्या गुन्ह्यात परिवीक्षा कायद्याचा, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या हमीवर सुटण्याचा, लाभ देण्याची मुभा त्यात ठेवली आहे, आणि त्या कायद्याच्या कलम 12 नुसार अशा सुटकेनंतर दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटत नाही. अठराच्या आतल्या मुलाला तर 2015 च्या बाल न्याय कायद्याने आणखी भक्कम कवच दिले आहे. निकाली निघालेल्या प्रकरणाची त्याची नोंद चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी उघड करायचीच नाही, असे कलम 74 सांगते. ही कलमे पुस्तकात आहेत, कोर्टाच्या पायरीवर उभ्या असलेल्या बापाच्या कानावर ती पडत नाहीत.

मुदतीचा मापदंडही आपल्याकडे नवा नाही. 1967 च्या पासपोर्ट कायद्यात शिक्षेच्या कारणावरून पासपोर्ट नाकारायचा तर नैतिक अधःपाताचा गुन्हा हवा, किमान दोन वर्षांची कैद झालेली हवी आणि ती अर्जाआधीच्या पाच वर्षांतली हवी. खटला चालू असेल तर मात्र न्यायालयाची परवानगी लागते. बोटीवर जाणाऱ्या किनारपट्टीच्या मुलांनी हे लक्षात ठेवावे. सांगायचे इतकेच, की गुन्हा केवढा, शिक्षा किती आणि त्याला किती वर्षे झाली, या तीन गोष्टी तोलणे भारतीय कायद्याला जमते. परदेशी जाणाऱ्यासाठी जे जमते, ते पेणच्या ठाण्यात शिपाई होऊ पाहणाऱ्यासाठी का जमू नये?

म्हणून आमची मागणी राज्याच्या गृह विभागाकडे आहे. सेवनाची एकच केस, अल्प प्रमाण, त्यानंतर पाच वर्षे कोणतीही नोंद नाही आणि उमेदवाराने स्वतः अर्जात खरे सांगितले आहे, एवढ्या गोष्टी जुळल्या तर ती केस नियुक्तीच्या आड येणार नाही, असा लेखी निकष काढावा. हवी तर नियुक्तीआधी आणि परिवीक्षा काळात नशेची तपासणी करावी. आम्ही तिचे स्वागतच करू. नाकारायचे असेल तर कारण लिहून आणि ठरलेल्या मुदतीत नाकारावे. विक्री, साठा, पुन्हापुन्हा सापडणे, आणि एमडीसारख्या पदार्थाचा धंदा यांना या सवलतीच्या जवळपासही फिरकू देऊ नये. सेवनाच्या केसमध्ये मुलाला कोर्टापुढे नेण्याआधी कलम 64अ आणि कलम 33 म्हणजे काय, हे त्याला व पालकांना मराठीत सांगण्याची सक्ती ठाण्यांवर आणि विधी सेवा समित्यांवर करावी. याला सरकारी तिजोरीतून फारसे काही लागत नाही, एक परिपत्रक लागते.

हे परिपत्रक निघेल तेव्हा निघेल. तोवर पेण-रोह्याच्या मुलांनी तीन गोष्टी गाठीला बांधाव्यात. गांजाच्या नादी लागू नका. लागला असाल तर 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांकावर फोन करा, त्याला पैसे पडत नाहीत. केस झालीच, तर वकिलाला विचारल्याशिवाय ‘कबूल’ हा शब्द तोंडातून काढू नका. आणि अर्जात जे विचारले आहे त्याचे उत्तर खरेच लिहा, मग त्याची किंमत काहीही पडो. गांजाची नशा काही तासांत उतरते. खोटे लिहून मिळवलेली नोकरी निवृत्तीच्या आदल्या दिवशीही जाऊ शकते.